कोऱ्या वह्यांच्या बाई

पहिलीच्या एकतीस वह्या मी टेबलावर मागवल्या आणि एकतीसच्या एकतीस कोऱ्या निघाल्या. इंग्रजीच्या वह्या. सप्टेंबर संपत आलेला. कव्हरं घातलेली, लेबलं चिकटवलेली, नावं टाकलेली, आणि आत पांढरं स्वच्छ. मराठीच्या वह्या भरलेल्या, गणिताच्या भरलेल्या, पण इंग्रजीत एक ए नाही की एक बी नाही.

मी तेव्हा पुण्यात, धायरीत एका प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका होते. शाळा मराठी माध्यमाची. गाव महापालिकेत गेलं तेव्हा शाळेवरचा फलक बदलला, रंग बदलला, गळणारा नळ मात्र तोच राहिला. माझं नाव प्रेमला. अडतीस वर्षं नोकरी केली आणि माझ्या वह्या तपासणीला शिक्षक टरकून असायचे. मला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला!

मी पहिलीच्या वर्गशिक्षिकेला बोलावून घेतलं. पूर्णिमा गावंडे. जूनमध्येच बदलून आलेली, अमरावतीकडची. चाळिशीला टेकलेली, किरकोळ अंगाची, खांद्याला कायम एक मोठी कापडी पिशवी.

"गावंडेबाई, हे काय आहे?"

"वह्या आहेत, मोठ्या बाई."

"ते दिसतंय मला, डोळे अजून शाबूत आहेत. यात इंग्रजी कुठे आहे?"

"लिहून घेतलं नाही जी अजून. दिवाळीपर्यंत मी घेत नाही. बोला म्हणूनही मागं लागत नाही. फक्त ऐकू देते."

मी लेखी मेमो काढला. आठ दिवसांत खुलासा करा. आठ दिवस कशाला, दुसऱ्याच दिवशी खुलासा टेबलावर हजर. एका कागदावर एकच ओळ : 'मुले ऐकत आहेत. कळावे.' मला इतका राग आला म्हणता, की मी तो कागद शिपाईबाईंनाही वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "अक्षर छान आहे."

मग मी न सांगता तिच्या वर्गावर जाऊन मागच्या बाकावर बसले. एकदा नाही, तीनदा. खोड काढायलाच गेले होते.

त्या मोठ्या पिशवीत काय असेल सांगा? कांदा. लाटणं. नवऱ्याचा एक मोजा. दुधाची रिकामी पिशवी. घरातून निघताना हाताला लागेल ते ती उचलून आणायची. तास सुरू झाला की मराठी बंद आणि चाळीस मिनिटं बाई एकटी इंग्रजीत बोलायची. तिचं इंग्रजी काही फार गुळगुळीत नव्हतं. वऱ्हाडी हेल प्रत्येक वाक्याला. पण वाक्य छोटं, सरळ आणि दरवेळी तेच. 'पुट द अनियन अंडर द बेंच.' कुणीतरी कांदा बाकाखाली ठेवायचं. 'पुट द सॉक ऑन माय हेड.' वर्ग खदखदा हसायचा आणि एक मुलगी खुर्चीवर चढून बाईंच्या डोक्यावर मोजा ठेवायची. चुकलं तर बाई चुकलं म्हणायची नाही. तीच गोष्ट स्वतः करून दाखवायची आणि पुढे जायची. मुलं आपापसात मराठीत बोलायची, "अगं अंडर म्हणजे खाली ना, वर काय ठेवतेस येडे!" आणि बाईंना ते चालायचं.

पहिल्या तासाला मी कपाळाला हात लावला. दुसऱ्या तासाला लक्षात आलं, की एकही मूल खिडकीबाहेर बघत नाहीये. तिसऱ्या तासाला बाईंनी 'क्लोज द डोअर' म्हटलं आणि दाराशी बसलेली मीच उठून दार लावून आले. तरीही मी मेमो मागे घेतला नाही. माणूस इतक्या लवकर हार मानत नसतो, पुण्यात तर नाहीच.

आणखी एक होतं. बाकी वर्गांत मी नियम केला होता, पाणी प्यायला किंवा बाहेर जायचं असेल तर इंग्रजीत विचारायचं. अख्खं वाक्य. नाही आलं तर बसून राहायचं. पालकांना हे भयंकर आवडायचं. पूर्णिमाबाईंनी पहिलीपुरता तो नियम गुंडाळून ठेवला.

"काहून बरं?" मी नियमाचं विचारल्यावर ती उलट मलाच म्हणाली. "तहान लागली तर लेकरानं आधी परीक्षा द्यावी काय? कोणत्याही भाषेत सांगा, हातानं सांगा. मी सोडते."

आता गंमत बघा. या बाईच्या मुळावर जो उठला, तो माणूस शाळेचा शत्रू नव्हता, चांगला मित्र होता. मच्छिंद्रशेठ. धायरी गावातले जुने शेतकरी. शेताच्या जागी इमारती झाल्या आणि ते सिमेंट-वाळूचे व्यापारी झाले. आमच्या पालक समितीचे अध्यक्ष. शाळेचा पट घसरायला लागला, जो तो इंग्लिश मीडियमकडे पळायला लागला, तेव्हा याच माणसाने पारावर उभं राहून जाहीर केलं होतं, "माझी पोरगी गावच्या शाळेतच जाणार!" निवडणूक तोंडावर होती हे खरं, पण शब्द पाळला हेही खरं. मुलगी शेफाली पहिलीत आली, सोबत दोन पुतणे आले, आणि त्यांना बघून आणखी नऊ घरांनी मुलं पाठवली.

तर झालं असं. मच्छिंद्रशेठांकडे सासुरवाडीचे पाहुणे आले. चहा झाला, पोहे झाले, आणि आपल्याकडे जे होतं तेच झालं. मेहुण्याच्या मुलाला पुढे उभं करण्यात आलं. त्याने हात मागे बांधून इंग्रजी कविता धडाधड म्हटली, वर हावभाव केले, टाळ्या घेतल्या. मग मच्छिंद्रशेठ लेकीला म्हणाले, "शेफाली, तू बी म्हणून दाखव. बोल इंग्लिश." शेफाली गप्प. "बोल की! लाजती कशाला?" शेफाली आईच्या पदरामागे. मेहुणा म्हणाला, वही तरी दाखवा. वही कोरी. पाहुण्यांसमोर बापाचं नाक कापलं गेलं.

सोमवारी सकाळी बारा अर्ज माझ्या टेबलावर. शाळा सोडल्याचा दाखला मिळावा ही विनंती. बाराही अर्जांचं अक्षर एकच, मच्छिंद्रशेठांच्या दुकानातल्या कारकुनाचं.

"बाई बदला, न्हाईतर दाखले द्या," मच्छिंद्रशेठ म्हणाले. "चार महिन्यात पोरगी येक शब्द बोलंना. आमी काय मूर्ख हाय का?"

शेवटचं वाक्य प्रश्न आहे असं समजून मी उत्तर देणार होते, पण आवरलं.

बारा मुलं जाणं म्हणजे काय, ते सांगते. पट तिशीच्या खाली गेला की पहिली आणि दुसरी एकत्र करा, असं आम्हाला वरून बजावलेलं होतं. एकतीसातून दोन गेली तरी तुकडी मोडणार. तुकडी मोडली की पूर्णिमाबाई अतिरिक्त. अतिरिक्त शिक्षक म्हणजे कुठे पाठवतील त्याचा नेम नाही. नवरा जवळच्याच शिवणे गावातल्या एका कारखान्यात लागलेला. चौदा वर्षं एक अमरावतीला, एक पुण्याला, असा संसार केल्यावर जूनमध्ये कुठे दोघं एका घरात राहायला लागली होती. माझ्या हातून दाखल्यांवर सह्या झाल्या की ते घर पुन्हा दोन जागी.

मी शनिवारी पालकसभा लावली आणि पूर्णिमाबाईंना बाजूला घेतलं. खरं सांगते, मनापासून मदत करायला गेले होते.

"हे बघा, पाच दिवस आहेत. दोन कविता पाठ करून घ्या, 'माय नेम इज' करून घ्या. शेफालीला पुढे उभी करा. टाळ्या होतील, विषय मिटेल."

"नाही करणार, मोठ्या बाई."

"अहो, तुमची बदली होईल!"

"हो ना जी. कळतं मला." तिचे डोळे भरून आले होते, ते तिने लपवले नाहीत. "मी लई भ्यायले आहे. यांना अजून सांगितलंसुद्धा नाही. पण शेफाली सध्या ऐकते आहे. तिच्या मनात आलं की बोलेल. मी तिला पाहुण्यांसाठी नाही शिकवत."

"मग सभेत काय करणार आहात?"

"शिकवीन."

मी हात जोडले आणि निघून आले. म्हटलं, मर मग! असं म्हटलं खरं, पण त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही.

शनिवारी पालक आले. पंचवीस-तीस जण, पहिलीच्या छोट्या बाकांवर गुडघे वर करून बसलेले. मच्छिंद्रशेठ सर्वांत पुढे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी एका कडेला उभी. पूर्णिमाबाई आली, सगळ्यांना नमस्कार केला आणि प्रत्येकापुढे एकेक कोरा कागद ठेवला.

फळ्यावर तिने एक वाक्य लिहिलं. अक्षरं आपलीच, देवनागरी. शब्द मात्र एकही ओळखीचा नाही. ते वाक्य मी इथे देत नाही, कारण माझ्याकडून ते चुकीचं लिहिलं जाईल, आणि ते वाक्य चुकवायची माझी इच्छा नाही.

"ही कोरकू भाषा आहे. मेळघाटातली," ती म्हणाली. "मी आधी तिथं होते. आता सगळ्यांनी हे वाक्य पाच वेळा लिहा. अक्षर चांगलं काढा. मी तपासणार आहे."

कुणी हसलं, कुणी कुरकुरलं, पण सांगते, बाकावर बसवलं आणि कागद दिला की मोठी माणसंही मुकाट लिहायला लागतात. एक आजी शेजारणीचं बघून लिहीत होत्या. पूर्णिमाबाई लाल पेन घेऊन फिरली. बरोबर, बरोबर, बरोबर. मच्छिंद्रशेठांचं अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या कागदावर तिने 'व्हेरी गुड' लिहिलं आणि एक चांदणी काढली. वर्गात हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "शेठ, नंबर काढला की राव!" शेठही लाजून हसले, आणि कागद शेजाऱ्याला दिसेल असा वळवून ठेवला.

"सगळ्यांचं बरोबर आलं," पूर्णिमाबाई म्हणाली. "कागद भरले. आता कुणीतरी सांगा, काय लिहिलंत?"

कुणालाच माहीत नव्हतं. कसं असणार?

"हे वाक्य मला सुगंतीनं सांगितलं होतं. पहिलीतली मुलगी. माझी पहिली शाळा, मी बावीस वर्षांची. मुलांना मराठी येत नव्हतं, मला कोरकू येत नव्हतं. मला घाई होती. तपासणीला साहेब येणार होते, पाट्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. सुगंती रोज सकाळी दारात उभी राहून मला हे वाक्य म्हणायची. मला वाटलं, नमस्कार करते आहे. मी म्हणायची, 'शाबास, बस खाली', आणि तिला अ काढायला लावायची. तिचा अ फार सुंदर यायचा. मी साहेबांना दाखवायला तिची पाटी बाजूला ठेवली होती."

पिशवीचा बंद तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"नऊ दिवस ती रोज सांगत होती. दहाव्या दिवशी आली नाही. मी हजेरीत गैरहजर लावली. त्या दिवशी दुसरीतल्या एका पोराला विचारलं, सुगंती काय म्हणायची रे? त्यानं सांगितलं. त्याचा अर्थ आहे, 'बाई, माझा कान दुखतो.'"

आजींनी आपला कागद हळूच पालथा घातला.

"मग?" मच्छिंद्रशेठ म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता.

"कान आतून सडला होता. डाव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन दिवसांत आणली असती तर औषधाच्या थेंबांवर भागलं असतं." पूर्णिमाबाई सरळ रडत होती आणि सरळ बोलत होती. "माझ्याकडं तिची भरलेली पाटी होती. त्याच्यानंतर मी कोरकू शिकले. तेरा वर्षं तिथंच राहिले. आणि ठरवलं, लेकराला नवी भाषा द्यायची तर घाईनं द्यायची नाही. तुमची मुलं इंग्रजी लिहितील, कविताही म्हणतील. दिवाळीनंतर मी स्वतः वह्या भरून घेईन. पण आधी त्यांना समजू द्या. बदली झाली तर मी जाईन. मुलांना मात्र असं पाच-पाच वेळा लिहायला लावू नका."

मी रडले. मुख्याध्यापिकेने पालकांसमोर रडू नये, हे मीच सगळ्यांना शिकवलेलं, आणि मी पदराने नाक पुसत उभी. काय मी नियम करून ठेवले होते हो! पाणी प्यायला अख्खं वाक्य! माझ्या शाळेत कुठलं पोर काय सांगायला उभं राहिलं आणि वाक्य येईना म्हणून खाली बसलं, हे मला कधी कळणार होतं? तो नियम मी तिथल्या तिथे, त्याच सभेत, सगळ्या वर्गांसाठी रद्द केला. मेमोबद्दल तिची माफी मागितली. मोठ्याने मागितली, कारण तिचा खुलासाही मी शिपाईबाईंना मोठ्याने वाचून दाखवला होता.

सभा संपल्यावर नऊ पालकांनी अर्ज मागे घेतले. उरले तीन. शेफालीचा आणि दोन पुतण्यांचा. मच्छिंद्रशेठांनी चांदणीचा कागद चार घड्या करून खिशात घातला आणि ते निघून गेले. तीन मुलं गेली तर पट अठ्ठावीस. म्हणजे नऊजणांनी माघार घेऊनही पूर्णिमाबाईंची बदली ठरलेलीच. रविवारभर मी त्या माणसाला मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सोमवारी साडेदहाला ते ऑफिसच्या दारात. मी दाखल्यांचं पुस्तक ओढलं.

"त्ये ऱ्हाऊ द्या, मॅडम. तिन्ही अर्ज फाडा. बाईंकडं काम हाय माझं."

मी उठले आणि त्यांच्यामागून निघाले. निघणारच ना! पहिलीचा इंग्रजीचा तास चालू होता. पूर्णिमाबाई लाटणं हातात घेऊन दाराशी आली. तिला वाटलं, निरोपच आला.

"बाई," मच्छिंद्रशेठ म्हणाले. घसा खाकरला. "काल दुपारी मी पोरीपाशी बसलो. म्हनलं, तुझा कान दुखतो का? ती हसाय लागली. म्हनलं, दुसरं काय दुखतं? शाळंत कोन काय बोलतं? तर लई बोलली ओ. तासभर बोलली. मराठीतच. सा वर्साची झाली माझी पोरगी, मी तिला 'म्हणून दाखव' याच्याबिगर आजवर काय इचारलंच न्हाई."

पूर्णिमाबाईने लाटणं खाली घेतलं.

"मला येक वाक्य शिकवा. इंग्लिशमधलं. 'तुला काय पायजे' असं इचारायचं आसलं तर काय म्हनत्यात?"

तिने सांगितलं. त्यांनी पेन काढलं नाही. ओठ हलवत, बोटं मोजत, पाच-सहा वेळा ते स्वतःशी म्हणून बघितलं. मग दारातून आत वाकले. एकतीस डोकी वळली. शेफाली दुसऱ्या रांगेत, कडेच्या बाकावर एकटीच.

"शेफाली," त्यांनी भीत भीत विचारलं, "व्हॉट डू यू वाँट?"

पोरीने आधी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली नाही, डोळ्यांनी खूण केली नाही, काही केलं नाही. नुसती थांबली. शेफालीने बापाकडे पाहिलं, बाकावर सरकून जागा केली आणि त्या मोकळ्या जागेवर हात आपटला.

"पप्पा," ती म्हणाली, "सिट हिअर."

मच्छिंद्रशेठांनी अर्थ विचारायला कुणाकडे वळूनही पाहिलं नाही. दाराशी चपला काढल्या, डोळे शर्टाच्या बाहीला पुसले, आणि जाऊन लेकीशेजारी बसले.